आधी ब्राखा, मग घास

(सिनेगॉगच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, मलिद्याच्या आधी केलेले भाषण)



कमिटीने मला थोडक्यात बोलायला सांगितले आहे. माझ्यानंतर मलिद्याचे ताट यायचे आहे आणि वेलचीचा वास आत्ताच या माईकपर्यंत आला आहे. तेव्हा लांबण लावणाऱ्या वक्त्याचे काय होते हे मला ठाऊक आहे. मी विद्वान नाही, लेखक नाही. दिमोनाच्या कापड गिरणीत आणि पुढे दुसऱ्या एका कारखान्यात मिळून एकतीस वर्षे पाळीवर काम केलेला मी साधा माणूस. आज माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. या वयात मला जी एक गोष्ट उशिरा समजली, ती आपल्यापुढे ठेवावी एवढीच इच्छा आहे.

पन्नास वर्षांपूर्वी आपण एका मिक्लातमध्ये मिनियान जमवत होतो. खुर्च्या आपापल्या घरून आणायच्या आणि तफिल्ला संपली की डोक्यावर घेऊन परत न्यायच्या. आज ही सुंदर इमारत आहे, सागवानी हेखाल आहे, बायकांसाठी गॅलरी आहे, एवढेच काय एअरकंडिशनही आहे. या सगळ्यासाठी देवाचे आभार मानायला आपण जमलो आहोत. पण आभार मानणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न मला अलीकडे फार पडतो. उत्तरासाठी मी लांब जात नाही. ते उत्तर आत्ता आतल्या खोलीत ताटात मांडून ठेवले आहे.

मलिद्याचे ताट आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. मध्ये भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरे, साखर, वेलची, बेदाणे, बदाम. भोवती खजूर, केळी, सफरचंद आणि हंगामातली आणखी फळे. वर गुलाब, कधी सब्जा. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवे घर असो, कोणी दुखण्यातून उठलेले असो, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतल्याशिवाय आणि हे ताट मांडल्याशिवाय आपले समाधान होत नाही. भुकेल्या माणसापुढे हे ताट ठेवले तर तो पाच मिनिटांत फस्त करील. आपण मात्र तसे करत नाही. झाडाच्या फळाची ब्राखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्या केळ्याची वेगळी, पोह्यांची वेगळी, सुवासाची वेगळी. एकेक वस्तू हातात घ्यायची, थांबायचे, ब्राखा म्हणायची, मग तोंडात घालायची.

लहानपणी रेवदंड्याला मी आजीला विचारले होते, "आजी, सगळ्यांची मिळून एकच ब्राखा केली तर चालणार नाही काय?" आजी म्हणाली, "अरे, मामाने सदरा दिला आणि आत्याने लाडू दिला, तर दोघांना मिळून एकदाच हात जोडशील काय?" मी म्हटले, "पण इथे देणारा एकच आहे ना?" तेव्हा ती म्हणाली, "देणारा एक आहे रे. पण घेणारा विसरभोळा आहे."

त्या वेळी मला भूक लागली होती, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही. आजीचे ते बोलणे समजायला मला साठ वर्षे लागली.

बंधुभगिनींनो, थांबणे ही आपल्या समाजाची फार जुनी ओळख आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. घाणा चालवणारे इतर लोकही होते. मग आपल्याला वेगळे नाव का पडले? शनिवारी आपला घाणा बंद असे म्हणून. 'शनवार तेली' हे नाव शेजाऱ्यांनी दिले, आपण घेतले नाही. काम सारेच करीत होते. आपल्याला लोकांनी ओळखले ते काम थांबवण्यावरून. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले ते १७९६ साली. त्याच्या आधी शेकडो वर्षे आपल्यापाशी सिनेगॉग नव्हते, तोराचे सेफेर नव्हते, हझान नव्हते. शेमा होता, शब्बाथ होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते. आठवड्यातून एकदा बैलाच्या मानेवरचे जू उतरवायचे आणि कोणी केले, कोणी दिले ते आठवायचे, एवढ्यावर आपण टिकलो.

तसाच आपला खिरीचा सण. तिश्री महिन्यात नव्या दाण्याची खीर नारळाच्या रसात शिजवायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग खायची. शेतात नवे धान्य आले म्हणून लगेच मडक्यात घातले आणि पोट भरले असे झाले नाही. मध्ये एक थांबा होता. मला वाटते, ब्राखा म्हणजे घासापुरता शब्बाथच आहे. शब्बाथ दिवसभराचा, ब्राखा अर्ध्या मिनिटाची. हात थांबतो, तोंड थांबते आणि समोर काय आहे हे डोळ्यांना दिसते.

तालमूदमध्ये, मेनाखोत या भागात, राब्बी मेईर यांचे मत दिले आहे की माणसाने रोज शंभर ब्राखोत कराव्यात. शंभर हा आकडा ऐकून घाबरू नका. हिशेब करून पाहा. रोजच्या अमीदामध्ये १९ ब्राखोत आहेत. दिवसातून तीन वेळा म्हणजे ५७ तिथेच झाल्या. बाकीच्या सकाळच्या तफिल्लेत आणि जेवणाखाण्यात भरून निघतात. शब्बाथला मात्र पंचाईत होते. त्या दिवशीच्या अमीदामध्ये ७ ब्राखोत आणि मुसाफ धरून चार अमीदा, म्हणजे फक्त २८. मग उरलेल्या कुठून आणायच्या? फळे खाऊन, सुगंध घेऊन! शब्बाथच्या तफिल्लेनंतर आपल्याकडे खजूर, केळी, बदाम आणि चिवड्याच्या बशा फिरतात, त्यांना किती मोठा आधार आहे पाहा. कमिटीने खर्चाचा विचार करताना हे लक्षात ठेवावे.

ब्राखा फक्त खाण्याची नाही. विजेची आहे, गडगडाटाची आहे, समुद्र पाहिल्याची आहे, इंद्रधनुष्याची आहे. आपण नेगेवमध्ये राहणारे लोक, आपल्याला पावसाचे मोल सांगायला नको. अलिबागला एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपण तेव्हा काय म्हणत होतो? "मेला हा पाऊस, कपडे वाळत नाहीत." इथे वर्षभरात दोनशेही पडत नाही. पहिली सर आली की आपल्यातली वयस्क माणसे खिडकीशी जाऊन उभी राहतात. मातीचा वास तोच. नाकही तेच. फरक एवढाच की आता आपण थांबतो.

आणखी एक ब्राखा आहे, तिचे नाव घ्यायला तरुणांना लाज वाटते. संडासातून आल्यावर हात धुऊन म्हणायची, 'अशेर यात्सार'. शरीरात जे उघडे राहायला हवे ते उघडे आहे आणि जे बंद राहायला हवे ते बंद आहे, यासाठी देवाचे आभार. तरुणपणी मला वाटायचे, ही काय आभार मानायची जागा आहे? मग पासष्टाव्या वर्षी लघवी अडली आणि तीन दिवस नळी लावून पडलो. नळी काढल्यावर ही ब्राखा मी इतक्या मोठ्याने म्हटली की नर्स धावत आली. इथे काही मंडळी हसत आहेत. जे हसत आहेत त्यांना अनुभव आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो ती सांगतो. ती हसण्याची नाही.

मी १९६९ साली आलो, १९७१ साली माझे लग्न झाले. आमची ही पेणकडची. लग्नानंतरची पुष्कळ वर्षे मी पाळीवर असे. घरी आलो की ताट समोर यायचे, मी एका हाताने वर्तमानपत्र धरायचो आणि दुसऱ्याने जेवायचो. ब्राखा करायचो, नाही असे नाही. पण आगगाडी सुटायच्या वेळी तिकीट काढावे तशी. ती म्हणायची, "अहो, जरा थांबा ना. देवाशी बोलताय की वाण्याशी?" मी म्हणायचो, "अगं, वेळ कुठे आहे?" माझे सगळे लक्ष पुढे असे. घराचे कर्ज फिटू दे, मग निवांत बसू. पोरे सैन्यातून सुखरूप परत येऊ देत, मग निवांत बसू. पेन्शन होऊ दे, एकदा कोकणात जाऊन येऊ, मग निवांत बसू. कर्ज फिटले, पोरे आली, पेन्शन झाली. निवांत बसणे तेवढे झाले नाही.

२०१४ साली तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळले, आणि सर्वांत वाईट म्हणजे गिळण्याची शक्ती गेली. घोटभर पाणीसुद्धा श्वासनळीत जाण्याची भीती. नाकातून नळी घातली आणि सहा आठवडे तिचे सगळे अन्नपाणी त्या नळीतून गेले. मी तिच्यासमोर जेवत नसे, बाहेर जिन्यात बसून ब्रेड खायचो.

त्याच दिवसांत मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभा राहिलो. शुक्रवार होता. मुले येणार होती, आणि शब्बाथला नारळाच्या दुधातले माशाचे कालवण नाही असे आमच्या घरी कधी झाले नव्हते. तिने सुरुवातीच्या वर्षांत ते कसे केले हे मला तेव्हा कळले. ओला नारळ इथे कुठून मिळणार? ती सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून, फडक्यात घालून पिळायची. मुलीने मला तीच रीत सांगितली. मी पिळत बसलो. पाऊण तास लागला, मनगटे दुखू लागली, आणि निघाले काय तर वाटीभर दूध. मी तिथेच खुर्चीवर बसलो. माझ्या मनात हिशेब सुरू झाला. वर्षाचे पन्नास शुक्रवार, अशी चाळीसहून जास्त वर्षे. दोन हजार वेळा तरी हे कालवण माझ्या ताटात आले असेल. त्यातले एकही मी चाखले नव्हते. खाल्ले होते, चाखले नव्हते.

सहा आठवड्यांनी गिळण्याची चाचणी घ्यायला एक तरुण बाई आली. तिने घट्ट केलेले पाणी चमच्यात घेतले आणि तोंडाजवळ नेले. आमच्या हिने तोंड उघडले नाही. बाईला वाटले, घाबरली असेल. तिने पुन्हा चमचा पुढे केला. तरी नाही. मग मी पाहिले, तिचे ओठ हलत होते. शब्द तुटत होते, एकेक अक्षर ओढून आणावे लागत होते. बाईला काही कळले नाही, पण मला कळले. ती 'शेहाकोल' म्हणत होती. एरवी जी ब्राखा मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावता लावता संपवतो, तिला तिने पुरा एक मिनिट घेतला असेल. सहा आठवड्यांची तहानलेली बाई, समोर चमचाभर पाणी, आणि ती थांबली होती. मी त्या बाईला हाताने खूण केली, थांबा. ब्राखा संपली, मी आमेन म्हटले, आणि तिने ते पाणी गिळले.

बंधुभगिनींनो, या सिनेगॉगमध्ये मी हजारो वेळा आमेन म्हटले आहे. आपण कशाला आमेन म्हणत आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्यानंतर देवाने तिला चार वर्षे दिली. पूर्ण बरी ती झाली नाही. पण त्या चार वर्षांत आम्ही जेवायला बसलो की मी वर्तमानपत्र घेतले नाही. ती ब्राखा म्हणायची, मी थांबायचो. मी कालवण करायचो, ती चाखून म्हणायची, "मीठ कमी." चाळीस वर्षांत आम्ही दोघे जेवढे बोललो नसू, तेवढे त्या चार वर्षांच्या जेवणांत बोललो. २०१८ साली ती गेली. ती गेल्यावर पहिल्या शुक्रवारी ताटासमोर बसलो तेव्हा मला ब्राखा म्हणवेना. मग "अहो, जरा थांबा ना" हे तिचे बोलणे आठवले. थांबलो. थोड्या वेळाने म्हटली.

येथे कोणी विचारील की, म्हणजे सगळे चांगलेच आहे असे म्हणत राहायचे काय? दुःख झाले, अन्याय झाला, तरी गप्प बसून आभार मानायचे? मुळीच नाही. मिश्नात ब्राखोतच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे की वाईट बातमीवरही ब्राखा करावी. पण ती ब्राखा वेगळी आहे. मृत्यूची बातमी ऐकून कोणी 'शेहेहियानु' म्हणत नाही. वाईटाला चांगले म्हणा असे आपल्याला कोणी शिकवले नाही. आपल्या समाजाने या देशात पुष्कळ सोसले. आपल्या लग्नांच्या नोंदीवरून, आपल्या यहुदीपणावरून प्रश्न उभे केले गेले, तेव्हा १९६४ साली आपली माणसे येरुशलायममध्ये ठाण मांडून बसली आणि आपला हक्क त्यांनी मिळवला. माझे थोरले बंधू त्यांत होते. ते सांगत, दिवसभर घोषणा देऊन घसा बसे आणि संध्याकाळी ब्रेडचा तुकडा हातात आला की त्याच बसलेल्या घशाने सारे 'हमोत्सी' म्हणत. आभार मानणारा माणूस दुबळा होतो असे मला वाटत नाही. आपल्यापाशी काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्यासाठी लढू शकतो.

तोरामध्ये, देवारीमच्या आठव्या अध्यायात, जेवून तृप्त झाल्यावर देवाचे आभार मानण्याची आज्ञा आहे. जेवल्यावरच का? पुढची वचने वाचा म्हणजे उलगडा होतो. चांगली घरे बांधाल, गुरेढोरे वाढतील, सोनेचांदी साठेल, आणि मग विसराल, असा इशारा तिथे दिला आहे. भुकेल्याला आठवण करून द्यावी लागत नाही. भरल्या पोटाला द्यावी लागते. आपल्यातले कितीतरी जण पत्र्याच्या झोपड्यांत राहिले, वाळूत वाट तुडवत नळाचे पाणी आणले. आज आपल्या मुलांच्या घरी लिफ्ट आहे, दोन-दोन फ्रीज आहेत. ही देवाची कृपाच आहे. पण विसरण्याचा धोका झोपडीत नव्हता, तो आता आहे.

माझी नात बेर-शेव्हाला मानसशास्त्र शिकते. ती मला म्हणाली, "सबा, तुम्ही सांगता ते आमच्या पुस्तकातही आहे." अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलॉ या दोन संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या, आणि दुसऱ्या गटाला कटकटी लिहायला सांगितल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. मी नातीला म्हटले, "छान आहे. पण तुझी पणजी आठवड्याला पाच नाही, दिवसाला शंभर मोजायची, आणि तिला लिहिता येत नव्हते."

उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः जे करतो तेवढे सांगतो. सकाळी जाग आली की लगेच उठत नाही. पलंगाच्या कडेला बसून 'मोदे अनी' म्हणतो, पाय जमिनीला लागले हे पाहतो, मग उठतो. डॉक्टरांनीही एकदम उठू नका असे सांगितले आहे, त्यामुळे एका कामात दोन कामे होतात. दुसरे, जेवताना पहिला घास बोलण्याशिवाय, टीव्हीशिवाय, मोबाईलशिवाय घेतो, आणि तो कोणाच्या हातचा आहे ते आठवतो. तिसरे, रात्री शेमा म्हणण्याआधी त्या दिवसातल्या तीन गोष्टी मोजतो. कधी नातवाचा फोन असतो, कधी शेजारच्या मोरोक्कन बाईने दिलेले लिंबाचे लोणचे असते, कधी गुडघा कमी दुखला एवढेच असते. काही दिवस तीनवर जाता येत नाही. मग एकीवर थांबतो.

आणि एक विनंती. आपल्यातले पुष्कळ जण आता एकटे राहतात. मुले मध्य भागात गेली, कोणी परदेशी गेली. एकट्याने केलेल्या ब्राखेला आमेन म्हणायला कोणी नसते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी एकमेकांकडे जेवायला जा. मोठा स्वयंपाक नको. वरणभात चालेल. एकाने ब्राखा म्हणावी, दुसऱ्याने आमेन म्हणावे. ज्यांच्या घरी अजून दोघे आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर वर्तमानपत्र बाजूला ठेवावे.

आता मलिदा येईल. हझान साहेब म्हणतील त्या क्रमाने एकेक वस्तू हातात घ्या. खजूर घ्याल तेव्हा घाई करू नका. केळे घ्याल तेव्हा आपल्या परसातली केळ आठवा. पोहे घ्याल तेव्हा आज पहाटेपासून आतल्या खोलीत ज्या भगिनींनी खोबरे खवले, त्यांचे हात आठवा. गुलाब हातात आला की पुढच्या माणसाकडे लगेच सरकवू नका, एक श्वास भरून वास घ्या. आणि ब्राखा संपली की आमेन असे म्हणा, की बाजूच्या माणसाला ऐकू यावे.

देव या सिनेगॉगला आणि आपणा सर्वांना आणखी पुष्कळ वर्षे देवो.